मीटरकाकांच्या बाह्या

उन्हाळ्याशी मीटरकाकांचं काही वाकडं नव्हतं. त्यांचं वाकडं होतं ते शर्टाशी.

पाणीखात्याने मीटर वाचणाऱ्यांना दिलेला तो गणवेशाचा शर्ट. गडद निळा, जाड, पूर्ण बाह्यांचा. गळ्याशी बटण, मनगटाशी बटण आणि खांद्यावर दोन पट्ट्या, ज्या कशासाठी आहेत हे खात्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. कापड असं पक्कं पॉलिस्टरचं, की बाहेरचं पाणी आत येणार नाही आणि आतला घाम बाहेर जाणार नाही. "ताडपत्री आहे ही," मीटरकाका म्हणायचे. "ट्रकवर घालायची ती चुकून माणसाला घातलीय."

एकतीस वर्षं ते हीच नोकरी करत होते. या काळात हातातली वही जाऊन यंत्र आलं, चार साहेब बदलले, शहर दुपटीने पसरलं. शर्ट मात्र तोच राहिला. सकाळी आठला निघायचं, नेमून दिलेल्या गल्ल्या पालथ्या घालायच्या, प्रत्येक घरापुढच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण आकडीने उचलायचं, गुडघ्यावर बसून आत डोकं घालायचं, मीटर वाचायचं, झाकण लावायचं आणि पुढचं घर गाठायचं. दिवसाला दीडशे झाकणं. उन्हाळ्यात अकरा वाजले, की त्या झाकणांना हात लावायची सोय नसायची. खाली तापलेलं लोखंड, वर तापलेलं आभाळ आणि मध्ये ताडपत्रीत गुंडाळलेला माणूस.

आणि हे सगळं अशा माणसाच्या वाट्याला, ज्याला कपड्यातलं खरोखर कळत होतं. सुट्टीच्या दिवशी मीटरकाका घराबाहेर पडले, की शेजारची माणसं वळून बघायची. अंगावर फिकट रंगाचा, हातभर सैल, सुती शर्ट, स्वतः इस्त्री केलेला. "शर्टाच्या आत वारा खेळला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. "शर्ट म्हणजे काय पोस्टाचं पाकीट आहे, माणूस आत घालून चिकटवून टाकायला?" मीटर वाचायला जात तिथेही त्यांना गप्प बसवत नसे. कुणी तरुण भर दुपारी अंगाला चिकटलेला काळा टीशर्ट घालून दारात उभा दिसला, की ते झाकण उचलता उचलता सांगत, "बाबा रे, काळं घालून उन्हात उभा राहतोस आणि वर पंख्याला शिव्या देतोस. पंख्याने काय करायचं?" लोक हसत. काही ऐकतही. चढावरच्या गल्लीतल्या न्हाव्याने तर काकांच्या सांगण्यावरून दुकानात घालायचा जाड अंगरखा टाकून पातळ सुती शिवून घेतला होता आणि भेटेल त्याला तो हे सांगायचा.

काकूंचं ज्ञान याहून पुढचं. त्या इस्पितळाच्या धुलाई विभागात होत्या. वीस वर्षं चादरी, गाऊन, पडदे हाताखालून गेलेले. डोळे मिटून नुसतं चिमटीत धरलं, तरी कापडात सूत किती आणि खोटं किती ते सांगायच्या. नवऱ्याच्या गणवेशाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं : "हे कापड घाम पीत नाही, ओकतं."

तर त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि आल्या आल्या मुक्कामाच्या तयारीने बसला. खात्याचं एक मासिक निघायचं. ते छापलं जायचं नेमाने, वाचलं जायचं क्वचित. ते चालवायला त्या वर्षी एक तिशीतली बाई नव्याने आली होती. सगळे तिला संपादकबाई म्हणत, थोडं थट्टेने. पण बाई कामसू होती. मासिक कुणीतरी वाचावं असं तिला मनापासून वाटायचं, हे त्या कार्यालयात नवलच होतं. एका सकाळी तिने मीटरकाकांना जिन्यात गाठलं.

"काका, दहा मिनिटं उभे राहाल का?"

"मी दिवसभर उभाच असतो. कशासाठी ते सांगा."

तिने सांगितलं. उन्हाळा विशेष अंक काढायचा होता आणि त्यात एक पान पुरुषांसाठी : 'उन्हाळ्यातला साधा रुबाब, सोप्या आठ सूचना'. बायकांसाठी असलं पान सगळेच छापतात, पुरुषांना कुणी सांगत नाही, असं तिचं म्हणणं. छायाचित्रात तिला कुणी देखणा पोरगा नको होता. आपल्यातलाच, सडपातळ, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस हवा होता.

काकांना आत कुठेतरी बरं वाटलं, पण तोंडावर ते म्हणाले, "आधी सूचना दाखवा. वाटेल त्याच्या खाली मी माझं तोंड छापू देणार नाही."

तिने कागद पुढे केला. पहिली सूचना, गडद रंग टाळा. बरोबर. दुसरी, सैल, सुती किंवा लिननचे कपडे निवडा. बरोबर. तिसरी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सहज दुमडा, मोकळे आणि रुबाबदार दिसाल. तेही बरोबर. चौथीपाशी काका थांबले. तिथे लिहिलं होतं, काळा चष्मा शर्टाच्या गळ्यात अडकवा.

"गळ्यात कशाला? ऊन डोळ्यांत जातं."

"ते दिसायला छान दिसतं, काका."

"दिसायला छान आणि बघायला आंधळा. डोळ्यांवर घाला म्हणून लिहा."

बाईने खोडून लिहिलं. मग कापडी बूट बिनमोज्यांचे घाला, असं होतं. काका म्हणाले, "तसे बूट संध्याकाळी काढले, तर घरची माणसं शेजारी राहायला जातील. पातळ सुती मोजे लिहा." बाई हसत हसत तेही लिहून मोकळी झाली. एकतीस वर्षांत आपण बोललेलं कार्यालयातल्या कुणी कागदावर उतरवून घेतल्याची ही पहिली वेळ, हे काकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिलं नाही.

शर्ट तिने स्वतःच्या नवऱ्याचा आणला होता. सायीच्या रंगाचा, लिननचा. काकांना तो दोन माणसं मावतील एवढा झाला, म्हणून तिने पाठीमागे चुण्या घालून कागदांना लावायच्या चिमट्यांनी आवळला. मीटर वाचणाऱ्यांतला सगळ्यात उंच, सगळ्यात तरुण गडी, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो तिथूनच चालला होता. तो काकांभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पुढून राजबिंडा, मागून फायलींचा गठ्ठा."

बाह्या दुमडायची वेळ आली तेव्हा काकांनी बाईला थांबवलं. "अशी गुंडाळी करू नका, सुटते. आधी एक मोठी घडी कोपरापर्यंत, मग खालून अर्धी लहान. दिवसभर हलत नाही." तिने तीही युक्ती पानावर टाकली. मग व्हरांड्यात उभं करून छायाचित्र काढलं. वारा सुटला होता. उघड्या हातांवरून तो गेला, शर्टात शिरला, पाठीपर्यंत फिरला. कामाच्या वेळेत, कामाच्या जागी अंगाला असा वारा लागलेला काकांना आठवत नव्हता. ते तसेच उभे राहिले असते.

"झालं काका. शर्ट देता ना? यांना संध्याकाळी घालायचाय."

काकांनी तो उतरवला, घडी घालून दिला आणि आपली ताडपत्री पुन्हा चढवली. मनगटाची बटणं लावताना ओल्या पोत्यात शिरल्यासारखं वाटलं. पण बाईचा काय दोष? घरी काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. अंक आल्यावर पान दाखवलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, चांगले दिसता की. हा माणूस रोज घरी का येत नाही?"

अंक निघाला त्याच आठवड्यात लंबू पडला.

लंबूचं असं, की तो उंच, म्हणून खड्ड्यात वाकायचाही सगळ्यात खोल. त्यात आधीच्या आठवड्यात सुपरवायझरने त्याला मनगटाचं बटण उघडं ठेवल्याबद्दल चारचौघांत झापलं होतं. बिचाऱ्याने धसका घेतला आणि सगळी बटणं लावून फिरू लागला. त्या दिवशी त्याच्याकडे चढावरची गल्ली होती, पायऱ्यापायऱ्यांची, जिथे सावली म्हणून दुपारी दगडाखालीही मिळत नाही. साडेबाराच्या सुमारास तो एका खड्ड्याशी वाकला तो उठलाच नाही.

काका खालच्याच गल्लीत होते. न्हावी धापा टाकत आला. "काका, तुमचा तो उंच माणूस पडलाय. चला."

काका पोचले तेव्हा लंबू खड्ड्याच्या कडेला आडवा होता. घाम थांबला होता, आणि हेच वाईट. अंग तव्यासारखं तापलेलं, कोरडं, डोळे अर्धवट. तोंडाने तो मीटरचा आकडा पुटपुटत होता, "चारशे बारा, चारशे बारा," जणू तो आकडा विसरला तर पुन्हा चारचौघांत झापतील. काकांनी गळ्याचं बटण तोडलं. बाही वर करायला गेले, तर ती कातडीला चिकटून बसलेली, कोपराच्या वर सरकेना.

"कात्री आण," ते न्हाव्याला म्हणाले.

न्हाव्याने कात्री आणली आणि काकांनी दोन्ही बाह्या मनगटापासून खांद्यापर्यंत कापल्या, मग शर्ट पुढून उभा चिरला. दुकानातले सगळे टॉवेल ओले करून त्यांनी लंबूला गुंडाळलं. न्हाव्याने वारा घातला, समोरच्या घरातल्या बाईने बर्फ आणला, कुणी गाडी आणली. गाडी इस्पितळाकडे गेली तेव्हा काका पायरीवर बसले. मग त्यांनी स्वतःच्या मनगटाची बटणं काढली, एक मोठी घडी, एक लहान, अशा दोन्ही बाह्या दुमडल्या, यंत्र उचललं आणि लंबूची राहिलेली गल्ली पुरी केली.

शेवटच्या घरांशी असताना खात्याची गाडी आली. काचा बंद, आत गारवा. सुपरवायझरने चार बोटं काच खाली केली, मोबाइल बाहेर काढून काकांचं छायाचित्र घेतलं आणि काच वर केली. लंबू कुठे आहे, कसा आहे, एक शब्द नाही. गाडी निघून गेली.

चौथ्या दिवशी सूचनाफलकावर मेमो लागला. सर्वांच्या माहितीसाठी प्रत. मीटर वाचक अमुक अमुक यांनी कामाच्या वेळेत गणवेशाच्या बाह्या दुमडून गणवेशाची अप्रतिष्ठा केली आणि सहकाऱ्याचा गणवेश कापून खात्याच्या मालमत्तेची नासधूस केली, सबब तीन दिवसांत खुलासा करावा. सोबत पुरावा म्हणून ते छायाचित्र. आणि त्याच फलकावर, हातभर अंतरावर, संपादकबाईने हौसेने लावलेलं मासिकाचं पान. तिथेही काकाच. तिथेही बाह्या दुमडलेल्या, त्याच दोन घड्या. एका कागदावर तो रुबाब होता, दुसऱ्यावर अप्रतिष्ठा.

मीटरकाकांनी दोन्ही कागद वाचले. पुन्हा वाचले. कानशिलं तापली. आजूबाजूला चारजण जमले होते, त्यांतला एक हसला, आणि मग काकांचा चेहरा बघून हसायचा थांबला.

त्या संध्याकाळी घरी ते बसेनात, उठेनात. "माणूस मरायला टेकला होता," ते म्हणाले. "आणि यांना शर्ट दिसतो. एकतीस वर्षांत माझा एक आकडा चुकला नाही. एक. आणि मी नासधूस करणारा?"

काकूंनी भांडी आवरली, हात पुसले आणि खुंटीवरचा निळा शर्ट काढून टेबलावर पसरला. शेजारी काकांचा सुती शर्ट पसरला. मग पाण्याच्या भांड्यात बोट बुडवून दोन्हींवर एक एक थेंब सोडला. सुती शर्टावरचा थेंब बघता बघता मुरला. निळ्यावरचा मण्यासारखा उभा राहिला आणि काकूंनी कापड तिरकं केल्यावर घरंगळत खाली गेला.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पडून राहिलेल्या आजाऱ्याच्या चादरीला असलं कापड आलं, तर आम्ही गठ्ठा न सोडता परत पाठवतो. हे चालत्या माणसाला कसं चालतं, ते विचारा त्यांना."

"विचारतो."

"आणि माफीबिफी मागून येऊ नका."

"मी कशाला मागतोय?"

"नाही, सांगून ठेवलं."

सुनावणी विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत झाली. मॅडम मधे, एका बाजूला सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला भांडार साहेब. गणवेशाचं कापड मागवणं, वाटणं आणि त्याची शिस्त हे सगळं भांडार साहेबांकडे. खोलीत वातानुकूलन यंत्र संथ घुमत होतं. काकांची नजर गेली ती भांडार साहेबांच्या हातांवर. साहेबांनी फिकट आकाशी लिननचा शर्ट घातला होता आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. एक मोठी घडी, एक लहान. साहेबांनी मासिक वाचलं होतं.

मॅडमनी विचारलं, "बाह्या दुमडल्या होत्या का?"

"दुमडल्या होत्या."

"सहकाऱ्याचा शर्ट कापलात?"

"कापला. सहकारी वाचला."

"वाचला हे फारच चांगलं झालं," भांडार साहेब म्हणाले. "पण इथे प्रश्न शर्टाचा आहे."

हे वाक्य मीटरकाकांनी पुढे अनेकांना सांगितलं आणि प्रत्येक वेळी सांगताना त्यांचा आवाज चढायचा. पण त्या क्षणी त्यांनी पिशवीतून मासिकाचं पान काढून मॅडमपुढे ठेवलं.

"हे खात्याचंच आहे ना?"

"ते छायाचित्र प्रातिनिधिक आहे," भांडार साहेबांनी घाईने सांगितलं.

"प्रातिनिधिक कसं? तो मीच आहे."

"मासिकात तुम्ही तुम्ही आहात. रस्त्यावर तुम्ही खातं आहात."

"खात्याला घाम येतो का, साहेब?"

सुपरवायझरने खोकल्यासारखं केलं. मॅडम पानाकडे बघत होत्या, मग मेमोतल्या छायाचित्राकडे, मग पुन्हा पानाकडे. काकांनी टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला, बोट बुडवून आपल्या निळ्या बाहीवर थेंब सोडला आणि हात तिरका केला. थेंब घरंगळून मॅडमच्या फायलीवर पडला.

"साहेब, जरा बाही पुढे करा."

भांडार साहेबांनी काय होतंय ते कळायच्या आत हात पुढे केला. दुमडलेल्या आकाशी घडीवर काकांनी थेंब सोडला. तो मुरला आणि तिथे एक गडद ठिपका उमटला. साहेबांनी हात ओढून घेतला, जणू भाजला.

"आम्हाला उन्हात हे," काका आपल्या बाहीला धरून म्हणाले, "आणि तुम्हाला गारव्यात ते. हे कापड निवडलं कुणी? निवडणाऱ्याने एक दिवस तरी घालून बघितलं का? एक दिवस राहू द्या, एक गल्ली. लंबू अजून इस्पितळात आहे. तो झोपेतही मीटरचे आकडे बोलतो, असं त्याची आई सांगते."

मॅडमनी रुमालाने फाईल पुसली. त्या वाईट बाई नव्हत्या, पण खुर्चीला जड झालेल्या होत्या. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघा, एक ओळ लिहून द्या. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, एवढंच. आपण हे इथेच मिटवू."

"दिलगिरी कशाची लिहू? शर्ट कापल्याची, की लंबू वाचल्याची?"

"तसं नाही हो काका."

"मग कसं ते तुम्ही लिहा, मी वाचतो. पटलं तर सही करतो."

मॅडमनी लिहिलं नाही. "खुलासा लेखी द्या," एवढं म्हणून त्यांनी फाईल मिटली.

काकांनी खुलासा लिहिला तो दोन पानी. तीन दिवस लिहीत होते, काकू खोडत होत्या. "शिव्या काढा त्यातल्या," असं सांगून त्यांनी तीन ठिकाणी रेघा मारल्या. एक प्रत मॅडमकडे गेली. दुसरी काकांनी संपादकबाईच्या टेबलावर ठेवली. त्या मेमोपासून बाई काकांना टाळत होती. तिला लाज वाटत होती. पानाखाली 'छायाचित्र केवळ प्रातिनिधिक' असा शिक्का मारायला तिला लावलं होतं आणि तिने तो मारलाही होता.

तिने कागद वाचले आणि म्हणाली, "काका, हे मी छापणार."

"अडचणीत याल."

"मागच्या महिन्यात तुमचं छायाचित्र चाललं. या महिन्यात तुमचा मजकूर का चालू नये?"

तिने तो छापला. वरचं शीर्षक तेवढं तिचं होतं : 'उन्हाळ्यातला साधा रुबाब, मीटर वाचणाऱ्यांसाठी'. खाली काकांचे शब्द. गडद रंग टाळा, असं मासिक सांगतं. आम्हाला गडद रंग सक्तीचा आहे. सैल घाला म्हणतं. आमच्या शर्टात हात वर केला, तर बगलेत उसवतं. बाह्या दुमडा म्हणतं; दुमडल्या तर मेमो आहे. टोपी घाला म्हणतं. खात्याने आम्हाला टोपी दिली ती आतून प्लॅस्टिकची आहे आणि डोक्यावर भात शिजेल. हलके बूट घाला म्हणतं; आमचे बूट एवढे जड आहेत, की संध्याकाळी काढल्यावर पाय आपोआप वर येतात. जो सल्ला साहेबांच्या अंगाला लागू आहे, तो आमच्या अंगाला का लागू नाही? आमचं अंग निराळ्या कातडीचं आहे काय?

ते पान फलकावरून दोनदा फाडलं गेलं. तीनदा लागलं. तिसऱ्यांदा कुणी लावलं ते कळलं नाही, पण ते खळीने असं चिकटवलं होतं, की काढायचं तर फलक खरवडावा लागला असता. शहराच्या पलीकडल्या कचेरीतून, जिथे काका कधी गेले नव्हते, तिथून दोघं जण प्रत मागायला आले. संपादकबाईला बोलावणं आलं आणि ती अर्धा तास आत होती. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. ती सरळ आपल्या टेबलाशी जाऊन कामाला लागली आणि काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

तरीही या सगळ्याने खातं हललं असतं, असं काकांना वाटत नाही. हललं ते डॉक्टरच्या चिठ्ठीने. लंबू बरा होऊन कामावर आला, तेव्हा इस्पितळाच्या कागदात डॉक्टरने स्वच्छ लिहून दिलं होतं, की या माणसाला जे झालं त्यात अंगावरच्या कपड्याचा मोठा हात आहे आणि यापुढे उन्हात काम करताना त्याने सैल, सुती, आखूड बाह्यांचे कपडे घालावेत. हा कागद आल्यावर मात्र मोठे साहेब जागे झाले. पुन्हा कुणी पडला आणि हा कागद बाहेर आला, तर काय, हा हिशेब त्यांना झटकन कळला.

महिनाभराने आदेश निघाला. पुढच्या उन्हाळ्यापासून मीटर वाचणाऱ्यांना फिकट करड्या रंगाचा, अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट मिळेल. चालू उन्हाळ्यापुरती सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत बाह्या दुमडण्याची मुभा आहे.

"अकरा ते चार," मीटरकाका म्हणाले. "म्हणजे पावणेअकराला ऊन पडत नसेल."

आदेशाखाली सही भांडार साहेबांची होती. मासिकाच्या पुढच्या अंकात, कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी घेत भांडार विभागाने स्वतःहून टाकलेलं स्तुत्य पाऊल, अशी बातमी आली. संपादकबाईने ती छापली, पण खाली आपलं नाव घातलं नाही. मीटरकाकांचं किंवा लंबूचं नाव त्यात कुठेच नव्हतं. याचा काकांना फारसा राग आला नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात मेमोची नोंद तशीच राहिली होती : 'बाह्या दुमडून गणवेशाची अप्रतिष्ठा, खात्याच्या मालमत्तेची नासधूस, इशारा देऊन प्रकरण बंद.'

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सगळ्यांनी सांगितलं, सोडून द्या. सुपरवायझरसुद्धा एकदा गोड बोलून गेला. काकांनी सोडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, गल्ल्या उरकून, ते आस्थापनेच्या कारकुनाकडे जाऊन अर्ज द्यायचे : सदर नोंद काढून टाकावी. कारकून आवक शिक्का मारायचा आणि सुस्कारा टाकायचा.

"काका, शर्ट मंजूर झाला ना? आता काय राहिलं?"

"कागद राहिला."

"दोन ओळींचा कागद. तुम्ही गेल्यावर कोण वाचतंय?"

"मी गेल्यावर वाचणार म्हणूनच. मी असताना मी सांगू शकतो, की ते खोटं आहे. मी गेल्यावर तो कागद एकटाच बोलणार."

दहावा अर्ज द्यायला काका कारकुनाकडे गेले, तेव्हा लंबू सोबत होता. त्याच्या अंगावर नवा करडा शर्ट होता. उघड्या हातांना अजून उन्हाची सवय नव्हती, कोपरापासून खाली वेगळाच रंग दिसत होता. त्याने स्वतःचा अर्ज आणला होता. त्यात लिहिलं होतं, की कापलेला गणवेश माझ्या अंगावरचा होता, तो कापला म्हणून मी हा अर्ज लिहू शकतो आहे, आणि माझी त्याबद्दल कसलीही तक्रार नाही. खाली मीटर वाचणाऱ्या उरलेल्या वीस जणांच्या सह्या होत्या.

कारकुनाने तो वाचला आणि या वेळी सुस्कारा टाकला नाही. तो उठून कागद स्वतः मॅडमकडे घेऊन गेला. महिना संपता संपता उत्तर आलं. मॅडमनी नोंदीतले मालमत्तेच्या नासधुशीबद्दलचे शब्द लाल शाईने खोडून बाजूला सही केली होती. बाह्यांबद्दलचे शब्द मात्र तसेच होते. नियम त्या दिवशी लागू होता, असा शेरा.

काकूंनी उत्तर वाचलं. "अर्धं तरी निघालं," त्या म्हणाल्या.

"मी नासाडखोर होतो, तेवढं गेलं. बेशिस्त अजून आहे."

"मग आता?"

काकांनी उत्तराची घडी घालून ती अर्जांच्या फायलीत लावली आणि कोरा कागद पुढे ओढला. "सोमवार कधी आहे?"

"परवा," काकू म्हणाल्या. "आणि या खेपेला पहिल्या ओळीत 'विनंती' लिहू नका. 'मागणी' लिहा."